न्यायासन कोणाच्या मुलांसाठीं ?
२० मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसणारानें आधीं तीन वर्षें वकिली केलेली असावी. अनुभव हवा, हें आम्हां मास्तरांसही मान्य आहे. पण वकिलाचा मुलगा तीं वर्षें बापाच्या कचेरींत काढील. शेतमजुराच्या मुलानें खावें काय? तो पोटासाठीं दुसरी चाकरी धरील आणि न्यायासन घराणेदारांकडेच राहील ! घटनेचें कलम ३९-अ गरीब पक्षकारास मोफत कायदेसाहाय्य द्या म्हणून सरकारास बजावतें. मग गरीब वकिलास विद्यावेतन कां नको? तामिळनाडूनें २०२० सालीं तें सुरू केलें. मुलांनो, कायदा सोडूं नका ! न्यायमूर्तींच्या हाताखालीं विधि-लिपिकाचें कामही त्या तीन वर्षांत धरलें जातें. तें मागा, आणि विद्यावेतनही मागा. मागितल्यावांचून आम्हांस आजवर काय मिळालें आहे ?