डिलीट नावाची थाप

‘डिलीट मार’ असं आपण दिवसभर म्हणत असतो आणि ते बटण दिवसभर आपल्याशी खोटं बोलत असतं. मूळ लॅटिन क्रियापद ‘देलेरे’, म्हणजे समूळ नष्ट करणे. कार्थेज बेचिराख झालंच पाहिजे, हा रोमच्या केटो या राजकारण्याचा धोशा याच क्रियापदाचा. इसवी सनपूर्व 146 मध्ये रोमनांनी ते शहर खरोखरच जमीनदोस्त केलं. क्रूर माणसं, पण शब्दाची पक्की! संगणकवाल्यांनी शब्द तेवढा उचलला, अर्थ रोममध्येच ठेवला.

जुन्या डॉस या संगणक प्रणालीत फाइल डिलीट केली की काय व्हायचं? नोंदीतल्या नावाचं पहिलं अक्षर जाऊन तिथे एक खूण यायची आणि ‘ही जागा मोकळी’ असं लिहिलं जायचं. बस्स! मजकूर डिस्कवर जागच्या जागी. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत त्याला धक्काही नाही. पीटर नॉर्टनने 1982 मध्ये नेमकी ही गोम हेरली आणि गेलेल्या फायली परत आणून देणारं सॉफ्टवेअर विकायला काढलं. 1991 मध्ये डॉसच्या पाचव्या आवृत्तीबरोबर मायक्रोसॉफ्टनेच ‘अनडिलीट’ दिलं. ते चालवलं की यंत्र तुम्हालाच विचारणार: या नावाचं पहिलं अक्षर कोणतं होतं? म्हणजे इतक्या गाजावाजाने नष्ट काय झालं होतं? एक अक्षर. युनिक्स या दुसऱ्या प्रणालीवाल्यांनी फाइल काढण्याच्या आतल्या आज्ञेला ‘अनलिंक’, म्हणजे दुवा तोडणे, असं सरळ नाव दिलं होतं. प्रामाणिक शब्द हाताशी होता. पण प्रामाणिक शब्द बटणावर कोण छापतो?

ही लबाडी पुढे चक्क विकायला निघाली. लग्न झालेल्यांना लफडी जुळवून देणारं ॲशली मॅडिसन नावाचं कॅनडातलं संकेतस्थळ ‘संपूर्ण डिलीट’साठी 19 डॉलर घ्यायचं. 2015 मध्ये त्यांच्यावर सायबर हल्ला झाला आणि सगळं चव्हाट्यावर आलं. पैसे मोजलेल्यांचीही माहिती त्यांनी बारा-बारा महिने सांभाळून ठेवली होती, असं अमेरिकेच्या व्यापार आयोगाने पुढच्या वर्षी नोंदवलं. ग्राहकांच्या नीतीबद्दल तुमचं मत काहीही असो. न पुसण्याचे पैसे घेणाऱ्याला आपल्याकडे भामटा म्हणतात.

आता गंमत बघा. जुलै 2009. ॲमेझॉनच्या किंडल या वाचनयंत्रावर लोकांनी रीतसर पैसे देऊन जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं घेतली होती. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, असं नंतर कळलं. मग ॲमेझॉनने काय करावं? लोकांच्या हातातल्या यंत्रांतून ती पुस्तकं परस्पर उडवली. पैसे परत केले, पण विचारलं कोणाला? अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी काढलेल्या टिपणांखालचं पुस्तकच गेलं, टिपणं निरुपयोगी झाली. आणि पुस्तक कोणतं? ‘नाइन्टीन एटीफोर’! नको असलेला कागद सरकार भट्टीत घालतं, ती कादंबरी! ॲमेझॉनचा तेव्हाचा प्रमुख जेफ बेझोस याला जाहीर माफी मागावी लागली.

म्हणजे या कंपन्यांना पुसता येत नाही, असं मुळीच नाही. त्यांना हवं तेव्हा क्षणात येतं. आपण सांगितलं की मात्र तांत्रिक अडचणी, बॅकअपच्या प्रती, तीस दिवसांची कचरापेटी आणि ‘खात्री आहे ना?’ असा शहाजोग प्रश्न. खात्री आम्हाला आहे हो, तुमची नाही!

आणि आपण सांगितल्यावर खरोखर नष्ट करणं तंत्राला जमत नाही असंही नाही. आजच्या चांगल्या फोनमध्ये सगळा मजकूर कुलूपबंद असतो. फोन रिसेट करताना किल्लीच नष्ट केली की आतला मजकूर कोणालाही वाचता येत नाही. तिथे ‘देलेरे’ हे क्रियापद पाळलं जातं. मग कंपन्यांच्या सर्व्हरवरच घोडं कुठे पेंड खातं? आपल्या माहितीवर त्यांचा धंदा चालतो, तिथे.

भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे. छान. पण पुसली की नाही, हे सामान्य माणसाला सांगणार कोण? तीच कंपनी! आधी बटणं तरी खरी करा. लपवणार असाल तर ‘लपवा’ लिहा, तीस दिवस ठेवणार असाल तर ‘तीस दिवस ठेवू’ लिहा. आणि ‘डिलीट’ लिहिलंत तर शेवटची प्रत कधी नष्ट झाली, त्याची तारीख द्या.