जव्हार-मोखाड्यातील ‘सदातुर’

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात, अकराव्या अध्यायात, नित्य रोगी राहणारी माणसे कोणती, असा प्रश्न आला आहे. आत्रेयांनी उत्तरादाखल श्रोत्रिय, राजसेवक, वेश्या आणि पण्यजीवी या चौघांची नावे घेतली. पठणात गढलेला, धन्याच्या इच्छेने उठबस करणारा, दुकान सोडून हलू न शकणारा; कारणे निरनिराळी असली तरी परिणाम एकच, वेगांचे धारण आणि अकाली भोजन. (पण्यजीवींमध्ये आपले औषधविक्रेते बंधूही येतात, हे त्यांनी विसरू नये.) महाविद्यालयातील सेवकवर्ग तर श्रोत्रियही आहे आणि राजसेवकही. म्हणजे तो दुहेरी सदातुर ठरतो.

पालघर जिल्ह्याच्या जव्हार व मोखाडा तालुक्यांत हे विशेषत्वाने जाणवते. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचे, तर मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे. १९१८ साली एक आणि १९१९ साली सातारा भागात दुसरी, अशा उभ्या राहिलेल्या या संस्था आज मोठ्या विस्ताराच्या आहेत. त्यामुळे देशावरचा अध्यापक नेमणुकीने वा बदलीने या डोंगरात येतो. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर आणि कोरड्या हवेत वाढलेला देह अतिवृष्टीच्या प्रदेशात येऊन पडतो. दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब नाशिकला ठेवून कोणी खोली घेऊन राहतो, तर कोणी त्र्यंबकेश्वरमार्गे रोज घाट चढतो-उतरतो. जव्हार ते नाशिक अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. पहाटे घेतलेला चहा, तासिका संपेल तेव्हा उघडलेला थंड डबा आणि रात्री उशिराचे जेवण, असा हा दिनक्रम. अध्यापिकांची स्थिती याहून बिकट. वाटेत सोय नाही म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मूत्रवेगधारणाची लक्षणे आपण विद्यार्थिदशेत पाठ केली. ती या प्रवासी भगिनींना विचारून पाहावीत.

पाण्याचे तर नवल आहे. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला पोचते आणि उन्हाळ्यात तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. ज्या गावी पाणी मोजून वापरावे लागते, तेथे प्रसाधनगृहाच्या स्वच्छतेचा प्रश्न आपोआपच मागे पडतो.

अशा ठिकाणी आपण वैद्य काय करतो? वर्षातून एकदा शिबिर घेतो. नाडी पाहतो, चार दिवसांच्या गोळ्या देतो, छायाचित्र काढतो. अलीकडे ‘तणावमुक्ती’च्या नावाने अश्वगंधा-ब्राह्मीच्या कॅप्सूलचे संच संस्थांच्या गळ्यात मारण्याची प्रथाही पडू लागली आहे. अश्वगंधेविषयी माझी तक्रार नाही. परंतु ज्याचा अग्नीच विषम झाला आहे त्याला बल्य द्रव्य देऊन काय साधणार? निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो आणि शिबिरात विसरतो.

शैक्षणिक वर्षाची रचनाही आपण ध्यानात घेत नाही. जूनमध्ये सत्र सुरू होते, त्याच सुमारास अग्निमांद्य आणि वातप्रकोपाचा काळ येतो. वर्षा ऋतूतील बस्तिक्रमासाठी आठ दिवस मिळणे अध्यापकास अशक्यप्राय. वसंतातील वमनाच्या वेळी परीक्षा उभ्या. शरदातील विरेचन मात्र दिवाळीच्या सुटीत बसू शकते. ते आपण आधीच योजून ठेवावे. उरला पावसाळा. श्रम, मार्गक्रमण आणि यान यांनी कृश झालेल्यांना चरकाने मात्राबस्ति सदैव योग्य सांगितला आहे आणि त्यास पथ्याचे बंधन नाही. रोज घाट ओलांडणाऱ्या अध्यापकासाठी याहून सोयीची योजना मला दिसत नाही.

तथापि, खरी उणीव सहवासाची आहे. महाविद्यालयातील स्थानिक शिपाई वा प्रयोगशाळा परिचर सायंकाळी आपल्या पाड्यावर जातो, घरची नागलीची भाकर खातो, बोहाड्याला मुखवटा घेऊन नाचतो किंवा नाचणाऱ्यास पाहतो. बाहेरून आलेला प्राध्यापक त्याच बोहाड्यावर निबंध वाचतो आणि रात्री खोलीत एकटा बसतो. (रात्रिजागरण वातकर आहे हे खरे, वर्षातून एक रात्र आत्रेयही क्षमा करतील.) तासिका तत्त्वावरील तरुण अध्यापकाची गत आणखी निराळी. त्यास पुढील वर्षी काम असेल की नाही याची शाश्वती नसते, त्यामुळे तो गावात मूळच धरीत नाही.

म्हणून माझी सूचना औषधांची नसून चुलीची आहे. सेवकवर्गाने मिळून एक सामायिक स्वयंपाकघर चालवावे. स्थानिक भगिनींच्या बचत गटास ते काम योग्य मोबदल्याने द्यावे, आणि प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सर्वांनी ठरलेल्या वेळी एका पंगतीत जेवावे. पावसाळ्यात जुने धान्य, मुगाचे कढण, उकळलेले पाणी. नागली व वरई येथलीच. वेळापत्रकात भोजनाचा अर्धा तास असा राखावा की त्यात सभा बोलावली जाणार नाही. स्त्रियांच्या प्रसाधनगृहाचे पाणी उन्हाळ्यापूर्वी साठवावे.

यात वैद्याची प्राप्ती काहीच नाही आणि औषधविक्रेत्याची तर मुळीच नाही, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. परंतु प्राचार्यांसमोर ही मागणी शास्त्राधाराने मांडू शकेल असा दुसरा माणूस त्या तालुक्यांत कोण आहे? जव्हार-मोखाड्यातील सभासदांनी सत्रारंभापूर्वी, वेळापत्रक छापले जाण्याआधी, दोन्ही प्राचार्यांची भेट घ्यावी. वेळापत्रक एकदा भिंतीवर लागले की ते दिवाळीपर्यंत बदलत नाही.