शेततळ्याच्या कागदाची निसरड

शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद घेतांना आपण दोनच गोष्टी विचारतों : जाडी किती मायक्रॉन आणि भाव काय. तो निसरडा किती, हें कोणी विचारीत नाहीं. वास्तविक तेंही मापतां येतें. प्रयोगशाळेंत २०० ग्रॅमचा सपाट ठोकळा कागदावरून ओढतात व लागलेल्या जोरास वजनानें भागून घर्षणाचा गुणांक काढतात. घरीं फळीवर कागद ताणून त्यावर दगड ठेवलेली चप्पल ठेवावी व फळीचें एक टोंक हळूहळू उचलावें. चप्पल घसरतांच टोंकाच्या उंचीस खालच्या आडव्या अंतरानें भागावें.

तळ्याचा उतार बहुधा दीड फुटास एक फूट असतो. म्हणजे गुणांक ०.६७ हून कमी असल्यास तेथें पाय ठरणें नाहीं. आणि ओल्या, शेवाळलेल्या कागदावर तो पुष्कळच खालीं उतरतो. पट्टीचा पोहणाराही मग वर येऊं शकत नाहीं. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर तळीं वाढलीं. त्यांत मुलें बुडाल्याच्या वार्ताही वरचेवर येतात.

सातबारा लिहिण्यांत माझी हयात गेली. ज्याचा आकडा दप्तरीं नाहीं तें सरकारास दिसत नाहीं, हा माझा अनुभव. यास्तव पुण्याच्या कृषि आयुक्तालयानें अनुदानाच्या प्रत्येक गुंडाळीवर कोरडा व ओला असे दोन्ही गुणांक छापण्याची अट घालावी. तोंपर्यंत कुंपण तर हवेंच, पण चारही बाजूंस गांठी मारलेला दोर पाण्यांत सोडलेला असावा. त्यास कागदाच्या मानानें खर्च तो काय?