अंथरूण पाहून

घरात कार्य ठरले, की आपली नजर प्रथम जमिनीकडे जाते. कोबा भेगाळलेला असतो, फरशी उखडलेली असते. मग उसनवारी करून का होईना, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरावा, असे वाटू लागते. हा मोह आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेब साधा आहे. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट भरते. परंतु पलंगाखालची व कपाटाखालची जमीन कोण पाहतो? बसण्याउठण्यासाठी सहा फूट रुंद व आठ फूट लांब, म्हणजे ४८ चौरस फुटांचे अंथरूण पुरते. खर्च तेथेच निम्म्याहून कमी होतो. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी खोली मोजावी.

दुसरा प्रश्न ओलीचा. पावसाळ्यात जमिनीला ओल येते. चिकटवलेल्या गालिच्याखाली ती कोंडून राहते, बुरशी धरते आणि घरभर कुबट वास पसरतो. याउलट सुती सतरंजी उचलून झटकता येते, धुऊन उन्हात वाळवता येते. तेव्हा आधी सिमेंटने भेगा बुजवाव्यात व मगच सतरंजी घ्यावी.

कोणी विचारील, गरिबाने हौस करूच नये काय? अवश्य करावी. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आजीनेही रंग जुळवून हौसच केली होती; तिला त्यासाठी कर्ज काढावे लागले नाही. पाहुणे दोन दिवसांत परततात. गालिच्याचे हप्ते मात्र घरातल्यांनाच फेडावे लागतात.