शुभकार्यात वाद नको!

"साहेब, एक छोटासा बदल आहे."

सॉफ्टवेअरमध्ये काही वर्षं काढलेल्या माणसाला हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो. क्लायंट गोड आवाजात असं म्हणाला की समजायचं, शनिवार-रविवार गेला. गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी शुक्रवारी संध्याकाळी हेच वाक्य कानावर आलं, पण क्लायंटकडून नाही, बाबांकडून. म्हणजे त्यांना ते हॉलवाल्याने ऐकवलं होतं आणि ते मला ऐकवत होते. धाकटीचं लग्न अकरा दिवसांवर आलं होतं.

हॉल महाडला, नोव्हेंबरातच बुक केलेला. मुलाकडचे पोलादपूरचे, म्हणजे अर्ध्या तासावर. आमच्याकडचे निम्मे मुंबईहून हायवेने येणार, निम्मे पुण्याहून ताम्हिणी उतरून. सगळ्यांना सोयीचं ठिकाण. बोलणी अशी झाली होती: हॉल, खोल्या, किचन आणि भांडी मिळून साठ हजार, आचारी आपला. बाबांनी तीस हजार ॲडव्हान्स दिला आणि पावती घेतली. पावतीवर लिहिलं होतं, "हॉल भाडे ॲडव्हान्स रु. ३०,०००/-". बस्स. बाकी सगळं चहाच्या कपावर.

आता छोटासा बदल काय, तर "केटरिंग इन-हाऊस झालंय, बाहेरचा आचारी चालणार नाही. ताट २८० रुपये."

सहाशे माणसं. आमच्या आचाऱ्याचा आणि किराणा, भाजी, गॅस, वाढपी असा सगळा हिशोब ताटामागे १३० च्या आसपास बसत होता. म्हणजे छोटासा बदल नव्वद हजारांचा! आमच्या क्षेत्रात याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात. आधी तुमचा सगळा डेटा आमच्याकडे येऊ दे, मग रेट बदलतो.

पण मला पैशापेक्षा जास्त लागलं ते आचारीमामांचं. हे मामा पोलादपूरकडचे. आमच्या आत्याच्या लग्नापासून घरातलं प्रत्येक कार्य त्यांच्या हातचं. हळदीच्या रात्रीचं मटण, लग्नाच्या पंगतीतलं वालाचं बिरडं, बुंदी, मठ्ठा... सगळं चव न घेता, नुसत्या वासावरून करणारा माणूस. हाताखाली सहाजण. आमच्या तारखेसाठी त्यांनी दुसरं एक लग्न सोडलं होतं. मे महिन्यात मुहूर्त मोजकेच, आणि मृग लागला की आचाऱ्याचा सीझन संपला. त्यांना फोन केला तर म्हणाले, "बाळा, माझ्यामुळे पोरीच्या लग्नात खोडा नको. मी बाजूला होतो." चिडले असते तर बरं वाटलं असतं.

आणि मग घरात ते वाक्य सुरू झालं. आधी बाबा, मग काका, मग आत्या, मग मुंबईहून फोनवर अजून चारजण.

"जाऊ दे रे. शुभकार्यात वाद नको."

मंडळी, मला या लेखात एवढंच म्हणायचंय, की हे वाक्य हॉलवाल्याचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. जागा, एसी, जनरेटर, पार्किंग हे सगळं त्याच्या नंतर.

नीट बघा. नोव्हेंबरमध्ये हॉलवाला हाच बदल सांगू शकला असता. आम्ही म्हटलं असतं, राहू दे, दुसरा हॉल बघतो. तेव्हा आम्ही गिऱ्हाईक होतो. एप्रिलच्या शेवटी पत्रिका वाटून झालेल्या असतात, पत्रिकेवर हॉलचं नाव छापलेलं असतं, मुंबईकरांच्या गाड्या ठरलेल्या असतात. आता आम्ही गिऱ्हाईक नाही, ओलीस! करारात काही बदललेलं नसतं, फक्त कॅलेंडर पुढे सरकलेलं असतं. शब्द फिरवायची वेळ ही अशी बरोबर निवडली जाते. आणि तो फिरवणाऱ्याला शुभकार्य आठवत नाही, आठवण करून दिली जाते ती फक्त आम्हाला.

आता हॉलवाल्याची बाजूही सांगतो, कारण ती आहे. बाहेरचे आचारी किचनची वाट लावून जातात, मोरी तुंबते, उरलेलं अन्न मागच्या पऱ्ह्यात जातं. उद्या कुणाला जेवणातून बाधा झाली तर नाव हॉलचं खराब होतं. शिवाय महाडात हॉल चालवणं सोपं नाही. २२ जुलै २०२१ ला सावित्री गावात शिरली तेव्हा बाजारपेठ पाण्याखाली गेली, आणि त्यातून उठायला लोकांना किती कर्ज काढावं लागलं ते आमच्या नात्यातच पाहिलंय. त्याच्या आधी करोना. एप्रिल २०२१ मध्ये तर लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. तेव्हा हॉलवाल्यांनी ॲडव्हान्स परत करायला वेळ लावला, मेनू बदलले, लोकांनी समजून घेतलं. घ्यायलाच हवं होतं, कारण ते कुणाच्याच हातात नव्हतं.

पण "इन-हाऊस केटरिंग" हा महापूर नाही. तो धंद्याचा निर्णय आहे. तो घ्यायचा त्याला पूर्ण हक्क आहे, पण पुढच्या बुकिंगपासून. आधी दिलेल्या शब्दाला तो मागे जाऊन लावता येत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, आणि त्याच्या कलम ६२ चा साधा अर्थ असा, की जुन्याच्या जागी नवा करार आणायचा किंवा जुना बदलायचा तर दोन्ही बाजूंची संमती लागते. एकाने फोनवर सांगितलं आणि दुसरा घाबरून गप्प बसला, ही संमती नव्हे.

काका म्हणाले, "पूर्वी असलं काही नव्हतं. वाडीत मांडव, वाडीची भांडी, भावकी राबायची." खरंय. जागा, भांडी, पाणी सगळं गावकीचं, त्यामुळे अकराव्या दिवशी रेट बदलायला कुणी मालकच नव्हता. पण त्या पंगतीत कोण कुठे बसणार, कोणाला शेवटी वाढायचं हेही तीच गावकी ठरवायची. ज्या महाडात २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, तिथल्या माणसाने जुन्या पंगतींचे फार गोडवे गाऊ नयेत. हॉल भाडं घेतो आणि सगळ्यांना एकाच टेबलावर बसवतो, ही चांगलीच गोष्ट झाली. फक्त पूर्वी शब्द फिरवणाऱ्याला गावात तोंड दाखवायची चोरी होती. हॉलशी आपलं नातं एका दिवसाचं. तिथे ती लाज चालत नाही, कागद चालतो. आपण व्यवहार हॉलचा केला आणि कागद मात्र भावकीचा, म्हणजे कोराच, ठेवला.

असो. पुढे काय झालं ते सांगतो.

मी आधी नको तेच केलं. रात्री बसून एक लांबलचक, कलमांची पेरणी केलेला मेसेज हॉलच्या मॅनेजरला पाठवला. त्याचा फोन आला, "साहेब, तुम्ही पुण्याचे ना? मग जा की कोर्टात." त्याला माहीत होतं, अकरा दिवसांत कुठलंच कोर्ट मला किचनची चावी काढून देणार नाही. त्याचं बरोबर होतं! लग्नाआधी कायदा तुम्हाला हॉल मिळवून देत नाही. लग्नाआधी उपयोगी पडतो तो दुसरा पर्याय, मग तो कितीही कच्चा असो. आम्ही वाडीतल्या शाळेच्या मैदानाची चौकशी केली. मांडव मिळत होता, पण मे महिना, पाणी टँकरचं, आणि सहाशे माणसांचं ऊन... अवघड होतं, अशक्य नव्हतं. बाबांनी मॅनेजरला जाऊन शांतपणे एवढंच सांगितलं, "मैदान बघितलंय. आचारी बदलणार नाही." एवढ्यावर गाडी २८० वरून खाली आली. शेवटी ठरलं की आचारी आपलाच, पण ताटामागे चाळीस रुपये रॉयल्टी. म्हणजे चोवीस हजार. लग्न तेव्हा पाच दिवसांवर होतं.

हे चोवीस हजार देताना मात्र मी एक गोष्ट बरी केली. बाबांच्या फोनवरून मॅनेजरला चार ओळींचा मेसेज पाठवला: "ठरल्यानुसार आचारी आमचा होता. त्यासाठी आज तुम्ही जादा पैसे मागत आहात. लग्न पाच दिवसांवर असल्याने नाइलाजाने देत आहोत. हे आम्हाला मान्य नाही, परत मागण्याचा हक्क राखून देत आहोत." आणि पैसे रोख न देता यूपीआयने दिले. मॅनेजरने उत्तरादाखल अंगठा पाठवला. बहुधा वाचलं नसावं.

लग्न छान झालं. बिरडं संपलं, मठ्ठा दोनदा करावा लागला. वाद घातल्यामुळे कुठलंही अशुभ झालं नाही.

जूनमध्ये मी स्पीड पोस्टने नोटीस पाठवली. आठवड्याने फोन आला, "साहेब, पुढच्या फंक्शनला ॲडजस्ट करून देऊ." पुढचं फंक्शन म्हणजे माझंच लग्न, आणि त्याचा अजून पत्ता नाही. मग तक्रार केली. इथे बऱ्याच जणांना माहीत नसलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतो. मला वाटलं होतं, रायगड जिल्हा म्हणजे अलिबागला खेटे, महाडपासून शंभरएक किलोमीटर. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. बुकिंग बाबांचं, आणि बाबा आता माझ्याकडे पुण्यात राहतात, त्यामुळे तक्रार पुण्यात. "तुम्ही पुण्याचे ना?" याचं उत्तर कायद्याने आधीच देऊन ठेवलं होतं! मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. ऑनलाईन करायची तर ई-जागृती पोर्टल आहे, आणि नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. "हॉल हवा तर जेवणही आमचंच घ्या" या प्रकाराला त्या कायद्यात नाव सुद्धा आहे, प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा. आमच्या प्रकरणात ते बसतं की नाही ते आयोग ठरवेल. तक्रार अजून चालू आहे, त्यामुळे जिंकल्याच्या गोष्टी सांगायला मी बसलेलो नाही.

पुरावा काय, हा प्रश्न होता. पावतीवर तर आचाऱ्याचा उल्लेखच नाही. मी बाबांना चिडून म्हटलं, "तेव्हाच लिहून घ्यायला काय झालं होतं?" ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि त्यांची हिशोबाची वही घेऊन आले. त्यात नोव्हेंबरच्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं: हॉल नक्की, ६०, ॲड. ३०, किचन आदल्या दिवशी चारपासून, भांडी त्यांची, आचारी आपला चालेल म्हणाले. खाली आणखी दोन फोनच्या तारखा. "वाद नको" म्हणणाऱ्या माणसाने सगळं टिपून ठेवलं होतं, फक्त समोरच्याला दाखवलं नव्हतं. आपल्या आधीच्या पिढीला लिहिता येत नव्हतं असं नाही, समोरच्याची सही मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं असं वाटायचं.

ते वाटणं आपण सोडून द्यायला हवं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी एक करा. बाबांच्या वहीतल्या त्याच पाच ओळी बुकिंगच्या दिवशी हॉलवाल्याला मेसेज करा आणि "बरोबर आहे ना?" एवढं विचारा. आचारी कोणाचा, किचन कधीपासून, भांडी, पाणी आणि गॅस कोणाचा, हळदीला मटण चालेल का, ताटांची किमान संख्या आहे का, रॉयल्टी आहे का. त्याचं "हो" आलं की मगच ॲडव्हान्स. आणि जमेल तेवढी रक्कम शेवटच्या दिवसापर्यंत आपल्या हातात ठेवा. त्याच्याकडे तारीख आहे, तुमच्याकडे निदान बाकी तरी असू दे.

एवढं करूनही फोन येऊ शकतो, "साहेब, एक छोटासा बदल आहे." तेव्हा फोनवर हो किंवा नाही काहीच म्हणू नका. "मेसेज करा, घरात विचारून कळवतो" म्हणा. निम्मे बदल लिहायची वेळ आली की तिथेच विरतात.

आणि घरातलं कुणी म्हणालंच, शुभकार्यात वाद नको, तर त्यांना सांगा, बरोबर आहे. म्हणूनच दिलेला शब्द फिरवू नये. पण हे आपल्याला नाही, हॉलवाल्याला जाऊन सांगा.

मामांना या मोसमात माझ्या मित्राच्या घरचं काम मिळालंय. हॉल दुसरा आहे. मेसेज आधीच गेलाय.