घर-अंगण : डब्यातील परसबाग



बेळगाव परिसरातील भाजी दररोज घाट उतरून गोव्यास जाते. तेथील कितीतरी चुली आपल्या मातीवर अवलंबून आहेत. परंतु त्याच मातीवर राहणाऱ्या आपल्या अनेक घरांत मात्र भात, आमटी आणि सुकी मासळी यांवरच दिवस निघतो. पालेभाजीची पाळी क्वचितच येते. यास केवळ दारिद्र्य कारण नाही. वाटण्या झाल्या, परसू आखडले, आणि भाजी म्हणजे बाजारातून आणावयाची वस्तू, असे आपण धरून चाललो.

याचा भार सर्वांत अधिक घरातील स्त्रीवर पडतो, कारण ताटात उरलेले तिच्या वाट्यास येते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगी रक्त कमी असल्याचे आढळून आले. केवळ पालेभाजीने हा विकार बरा होत नाही. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. तथापि, रोजच्या जेवणात थोडा हिरवा पाला असणे हे शरीरास मोठे साहाय्य आहे. त्यावर लिंबू पिळावे, म्हणजे त्यातील लोह अंगी अधिक लागते. जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय मात्र सोडावी. चहाने लोह शोषले जाण्यास अडथळा येतो.

ज्यास जमीन नाही, त्यासही हे साधण्याजोगे आहे. १५ किलो तेलाचा रिकामा डबा उभा चिरून आडवा ठेवावा व त्याच्या कडा हातोडीने आत वळवाव्यात, म्हणजे मुलांचे हात कापणार नाहीत. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी वापरू नये. तळाला पाच-सहा भोके पाडून त्यांवर कौलाचे तुकडे ठेवावेत. भोक नसलेल्या डब्यात पाणी साचून मुळे कुजतात. बहुतेकांची बाग येथेच बुडते. मग एक भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. ओले शेण घालू नये. त्याच्या उष्णतेने कोवळी रोपे जळतात.

मेथी व माठ यांस वीतभर माती पुष्कळ झाली, आणि तीन-चार आठवड्यांत ती कापणीस येतात. माठ मुळासकट न उपटता दोन बोटे ठेवून कापावा, म्हणजे तो पुन्हा फुटतो. धणे हलक्या हाताने रगडून दोन फाका कराव्यात व रात्रभर भिजवून पेरावेत. पुदिन्याची बाजारातील काडीही मातीत खोचली असता जगते. मिरची व टोमॅटो यांस मात्र खोल भांडे आणि सहा तास ऊन हवे.

एकाच दिवशी सर्व डबे पेरू नयेत. चार डबे असतील तर दर शनिवारी एक पेरावा. महिन्याभरात दर आठवड्यास एक डबा कापणीस येऊ लागतो. चार डब्यांनी घराची सारी गरज भागणार नाही, हे खरे. परंतु आमटीत टाकण्यास किंवा भाकरीच्या पिठात मळण्यास मूठभर पाला घरचा मिळतो.

पाणी घालण्यापूर्वी बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावी. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको. डब्याखाली ताटली ठेवल्यास ती वरचेवर रिकामी करावी, नाहीतर त्यात डासांची पैदास होते. आपल्याकडील मुसळधार पावसात बी वाहून जाते. म्हणून डबे पागोळीखाली न ठेवता ओसरीच्या आतल्या कडेस घ्यावेत. पाऊस ओसरल्यावर, जपमाळेच्या महिन्यात, आरंभ करणे उत्तम.

पहिली पेरणी फसली तरी डबा फेकून देऊ नये. लूककृत शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आपणांस ठाऊक आहे. मालक झाड तोडावयास निघाला असता माळ्याने आणखी एक वर्ष मागून घेतले. आणि केवळ रदबदली करून तो थांबला नाही, तर आळे खणून खत घालण्याचे काम त्याने स्वतःच्या अंगावर घेतले. आपल्या प्रार्थनेलाही अशी हातांची जोड असावी.

एक विनंती आहे. नव्या भाताची पहिली कणसे देवापुढे ठेवण्याची आपली रीत आहे. त्याच रीतीने डब्यातील पहिली जुडी आपल्या वाड्यातील गरोदर वा बाळंत स्त्रीच्या घरी पोहोचवावी, आणि सोबत पुडीत थोडे बी द्यावे. पुढची जुडी तिच्या स्वतःच्या दारात निघेल.