जुना पूल निवृत्त कधी करायचा?

महाडजवळ सावित्री नदीवर मुंबई-गोवा महामार्गाचा दगडी कमानींचा पूल होता, १९२८ सालचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाबळेश्वरच्या डोंगरातल्या पावसाने नदी फुगली आणि पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या अंधारात पुरात गेल्या. शेजारीच २००१ साली बांधलेला दुसरा पूल धडधाकट उभा होता. गोव्याकडे जाणारी वाहने नव्यावरून आणि मुंबईकडे येणारी जुन्यावरून, अशी वाटणी पंधरा वर्षे चालू होती. पर्याय तयार होता, त्यावर खर्चही झाला होता. जुन्यावरची वाहतूक थांबवण्याचा निर्णय तेवढा कोणी घेतला नाही.

जुन्या पुलांचे समर्थक म्हणतात की इंग्रजी अमदानीतले काम आजच्यापेक्षा पक्के असते. यात तथ्य आहे. दगडी कमान दाबावर उभी राहते आणि दगडाला गंज चढत नाही. पण कमानीचा सारा भार शेवटी पायावर येतो, आणि पाया नदीच्या हवाली असतो. एक खांब खचला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानींचा आधार जातो. शिवाय आज डोळ्यांसमोर दिसतात ते टिकलेले पूल; वाहून गेलेले या हिशेबात धरलेच जात नाहीत.

दुसरा बचाव तपासणीचा. महाडच्या पुलाचीही मे २०१६ मध्ये पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता. पाहणी करणाऱ्यांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवून हा प्रश्न मिटत नाही. पुराचे पाणी खांबाला अडते, भोवऱ्यासारखे खाली वळते आणि पायाभोवतीची वाळू-माती उकरून नेते. पूर ओसरताना त्याच खड्ड्यात सैल गाळ बसतो. उन्हाळ्यात नदीचा तळ सपाट, निर्धोक दिसतो. खांबाला धरून ठेवणारी घट्ट जमीन मात्र गेलेली असते. वाळूउपशाने पात्र खोल गेले असेल, तर पाया आणखी उघडा पडतो. सांध्यांत रुजलेला पिंपळ वरून दिसतो, हे दिसत नाही. त्यासाठी पाणबुडे उतरवून आणि गाळाखालची खोली मोजूनच तपासावे लागते.

नवा पूल बांधायला फार काळ लागतो, ही सबब तर महाडनेच खोटी ठरवली. दुर्घटनेनंतर तिथला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी खुला झाला. माणसे गेल्यावर जी तत्परता दाखवता येते, ती आधी दाखवायला कोणाची मनाई होती?

उरतो तो मधला मार्ग : धोक्याची पाटी लावायची आणि वापर लोकांच्या समजुतीवर सोडायचा. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरच्या लोखंडी पुलाला अशी पाटी होती. १५ जून २०२५ रोजी पर्यटकांच्या गर्दीत तो कोसळला आणि चौघांचा जीव गेला. पाटीने पूल बंद होत नाही.

म्हणून नव्या पुलाच्या मंजुरीतच जुन्याचा शेवट लिहिलेला हवा : नवा खुला होईल त्याच दिवशी जुन्याची दोन्ही तोंडे पक्की भिंत घालून बंद, आणि पाडकामाची तरतूद त्याच अंदाजपत्रकात. वारसा म्हणून एखादी कमान राखायची असेल, तर ती वाहनांविना राखावी, पावसाळ्यात पादचाऱ्यांनाही तिथे मज्जाव असावा. नवा पूल होईपर्यंत नदीने इशारा पातळी गाठताच वाहतूक थांबवण्याचा अधिकार स्थानिक तहसीलदाराकडे असावा. त्यासाठी रात्री वरिष्ठांच्या फोनची वाट पाहावी लागू नये.